खापर पाणीपुरीवर, दोष टाकीचा

जुलैमधे आमच्या मुलाला कावीळ झाली. आधी दोन दिवस नुसता ताप, जेवणाचं नाव नाही, मग डोळे पिवळे. रिपोर्टमधे हिपॅटायटिस ए. घरात खापर फुटलं पाणीपुरीवर, पण डॉक्टर म्हणाले हा आजार संसर्गानंतर साधारण महिन्याने दिसतो, परवाच्या पाणीपुरीला कशाला धरता. आणि त्याच आठवड्यात आमच्याच विंगमधे अजून दोन मुलं निघाली, तेव्हा माझी ट्यूब पेटली की हे पाण्याचंच काहीतरी आहे.

नाशिकला पाणी गंगापूर धरणाचं, त्यामुळे सगळे म्हणणार आमचं पाणी एक नंबर. तक्रार केली, दोन चकरा मारल्या, मग पाणी तपासणारा माणूस आला. मीटरजवळच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे, थेंब टाकले, लगेच पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन आहे. मग आमच्या किचनच्या नळाचं घेतलं तर काहीच नाही, पांढरं ते पांढरंच. तो म्हणाला, भाऊ लाईन ठीक आहे, तुमची टाकी बघा. शेवटच्या नळालासुद्धा लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला पाहिजे म्हणे. नंतर लॅबमधून बाटली आणून सॅम्पल बर्फात ठेवून दिलं, त्यात ई. कोलाय निघाले, म्हणजे सरळ सांगायचं तर मैला.

जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत एका भिंतीवर ओला काळा ओघळ, आणि त्या भिंतीपलीकडे चार फुटांवर ड्रेनेजचं चेंबर! टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरींनाही आठवेना. मीटिंगमधे एक काका म्हणे आमच्याकडे आरओ आहे, आम्ही का पैसे द्यायचे. म्हटलं काका, ब्रश करून चूळ कुठल्या पाण्याने भरता? तेव्हा गप्प बसले.

टाकी उपसली, घासली, भेग बुजवून घेतली, वरच्या टाक्याही टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरने धुतल्या, तीन दिवस सगळे टँकरवर. तोपर्यंत घरी पाणी उकळून, आणि आईचं पथ्य चालू, मुलगा उसाच्या रसाला कंटाळला.

दुसरं सॅम्पल स्वच्छ आलं. आता ओटीची बाटली वॉचमनकडे असते, तो रोज सकाळी ग्रुपवर पिवळ्या पाण्याचा फोटो टाकतो. चेंबर हलवायचं मात्र अजून बाकीच, दोन फ्लॅटचे पैसे आलेले नाहीत. त्यातला एक त्याच काकांचा.