फुकटची क्रूझ, आप्पांच्या नावावर

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, आयुष्यात कधी पत्त्यांना शिवले नाहीत. दिवाळीत घरात तीन पत्तीचा डाव बसला की ते उठून इथं सोलापुरात सिद्धेश्वरच्या तळ्यावर जाऊन बसायचे. २००९ साली ते गेले. पण एका परदेशी क्रूझ कंपनीच्या दप्तरात ते ऑगस्ट २०२४ मध्ये सिंगापूरला जहाजात चढलेत, चार रात्री स्लॉट मशिनपुढं, म्हणजे पैसे लावून चाकं फिरवायच्या जुगाराच्या यंत्रापुढं, बसलेत आणि त्या कर्तबगारीवर त्यांना दोन माणसांची फुकट क्रूझ लागलीय. ती त्यांच्या नावावरून माझ्या नावावर आणायला मला साडेतीन महिने लागले. क्रूझचे खर्च-बिर्च सांगतोच पुढं, पण खरं तर लिहायला बसलोय ते या साडेतीन महिन्यांच्या रागापोटी.

माझा शाळेच्या युनिफॉर्मचा धंदा. ज्या मिलचं कापड घेतो त्यांनी डीलर लोकांना सिंगापूरच्या क्रूझवर नेलं होतं. जहाजातला कॅसिनो बंदरात बंद असतो, समुद्रात बाहेर पडल्यावर उघडतो. पहिल्या रात्री नुसता बघायला गेलो. खोलीचं जे कार्ड, तेच मशिनमध्ये घालायचं. पाच अमेरिकी डॉलर फिरवले की एक पॉइंट. फिरवले म्हणजे हरले असं नाही, तेच पन्नास डॉलर आत-बाहेर करत राहतात आणि दर फेरीत थोडे थोडे झिजतात. चार रात्रींत माझे सहा हजार डॉलर फिरले, बाराशे पॉइंट झाले आणि खिशातले ६४० डॉलर गेले. तेव्हाच्या भावानं जवळजवळ चौपन्न हजार रुपये. घरी मी वीस सांगितले होते. बायको हे वाचणारच आहे, म्हणून इथंच कबूल करून टाकतो.

सप्टेंबरात मेल आला. अभिनंदन, तुम्हाला आणि तुमच्या एका सोबत्याला चार रात्रींची क्रूझ मोफत. वर मायना मात्र ‘प्रिय’ आणि पुढं आप्पांचं नाव. मला वाटलं, परदेशी लोक आहेत, होतं असं.

झालं काय होतं ते आधी सांगतो. आपल्याकडं पासपोर्टवर एका रकान्यात आडनाव आणि दुसऱ्यात स्वतःचं नाव अधिक वडिलांचं नाव, असं सलग असतं. मिलच्या बुकिंग एजंटनं फॉर्म भरताना वडिलांचं नाव पहिल्या नावाच्या चौकटीत टाकलं आणि माझं मधल्या. जहाजात चढताना कुणी हरकत घेतली नाही, कारण पासपोर्टवर दोन्ही नावं होतीच. कॅसिनो विभागानं मात्र मधलं नाव गाळलं आणि पहिलं नाव-आडनाव एवढंच उचललं. म्हणजे मी गायब, आप्पा हजर.

ही क्रूझ आपल्या नेहमीच्या ट्रॅव्हल एजंटकडून बुक करता येत नाही. कॅसिनो विभागालाच फोन करावा लागतो, आणि तो विभाग अमेरिकेत. त्यांचं ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा. चाळीस मिनिटं गाणं ऐकवून एका बाईंनी फोन घेतला आणि आप्पांचं नाव घेऊन विचारलं, आपणच बोलताय ना? आणि मी सोलापुरी सरळपणानं म्हणालो, “नाही, मी त्यांचा मुलगा.”

हे एक वाक्य बोललो नसतो तर हा लेखच झाला नसता. बाईंनी लगेच नोंद केली की फोन करणारा खेळाडूचा मुलगा आहे. आणि अशी क्रूझ दुसऱ्याला देता येत नाही. मुलाला नाही, बायकोला नाही, कुणालाच नाही. ज्याच्या नावावर पॉइंट, तो स्वतः जहाजावर हवा. सोबतीला कुणाला न्यायचं ते तो ठरवेल. मी म्हणालो, अहो बाई, खेळलो मी. त्या म्हणाल्या, सर, आमच्याकडे आपल्या वडिलांची नोंद आहे, त्यांना फोनवर घ्या. आता काय सांगणार! म्हणालो, ते वारले. बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. फार वाईट वाटलं, म्हणाल्या, मृत्यूचा दाखला मेलवर पाठवून द्या.

मला वाटलं, एकदा दाखला बघितला की डोक्यात उजेड पडेल. कपाटातून काढला, स्कॅन केला, सोबत अर्धं पान इंग्रजी खरडून पाठवला. बारा दिवसांनी उत्तर आलं. आपल्या कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, खातं बंद करण्यात येत आहे, मोफत क्रूझ रद्द. वाचून मी दुकानात मोठ्यानं हसलो, आणि मग लई चिडलो.

मग मी वकिली केली. लिहिलं, दाखल्यावरची तारीख बघा. २००९ साली गेलेला माणूस २०२४ मध्ये तुमच्या मशिनवर कसा बसेल? मला वाटलं, आता बिनतोड. पण यावर प्रकरण गेलं सुरक्षा विभागाकडं. त्यांचं म्हणणं आलं की मयत व्यक्तीच्या ओळखीवर कोणीतरी प्रवास केल्याची शक्यता दिसते, चौकशी होईपर्यंत संपर्क करू नये. म्हणजे आधी नुसती क्रूझ गेली होती, आता मी चोर ठरलो. इकडं बुकिंगची शेवटची तारीख ३१ डिसेंबर. ऑक्टोबर असा गेला. नोव्हेंबरात तीन मेल, तिन्हीला तेच छापील उत्तर, दहा कामाच्या दिवसांत कळवू. कामाचे दिवस त्यांचे कुठले, देव जाणे. नोव्हेंबरच्या शेवटी तर त्यांची थँक्सगिव्हिंगची सुट्टी.

माझा एक मित्र, चाटी गल्लीत त्याचं दुकान आहे, म्हणाला, “मालक, सोडा की ते. पणजीला जाऊ, मांडवीत कॅसिनोची जहाजं उभीच आहेत.” त्याला म्हणालो, तिथं प्रवेशाच्या पॅकेजमध्ये जी नाणी देतात ती खेळायलाच लागतात, रोख करून मिळत नाहीत. तिथलं फुकटही तसलंच. आपल्या महाराष्ट्रात कॅसिनोला परवाने द्यायचा कायदा १९७६ सालीच झाला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. मित्राला याचं वाईट वाटतं. मला या प्रकरणानंतर बरं वाटतं.

सुटका झाली ती अशी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वैतागून मी अमेरिकेचा नाद सोडला आणि त्यांच्या सिंगापूरच्या ऑफिसला सकाळी सातला फोन लावला. ते आपल्यापुढं अडीच तास, म्हणजे ऑफिस नुकतंच उघडलेलं. फोनवर एक तमिळ बाई. मी पहिल्यापासून सुरू केलं तर त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाल्या, मला आडनावच नाही सर, वडिलांचं नाव लावते, इथं निम्मे लोक मला वडिलांच्या नावानं हाक मारतात. चार मिनिटं. पासपोर्टचं पहिलं पान आणि शेवटचं पान पाठवा म्हणाल्या. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव वेगळं छापलेलं असतं, हे मला पासपोर्ट पंधरा वर्षं वापरून सुचलं नव्हतं! जहाजात चढताना काढलेला माझा फोटो त्यांच्याकडं होताच. त्यांनी दोन्ही जोडून वर पाठवलं आणि २७ डिसेंबरला माझ्या स्वतःच्या नावानं मेल आला. त्या दिवशी कामगारांना मी भजी सांगितली.

तुमच्यावर असला प्रसंग आला तर मृत्यूचा दाखला पाठवू नका. पासपोर्टचं शेवटचं पान पाठवा. आणि कुठल्याही परदेशी बुकिंगला कोणतं नाव कोणत्या चौकटीत जातंय ते एजंटच्या शेजारी बसून बघा.

आता फुकट म्हणजे किती फुकट. फुकट फक्त खोलीचं भाडं. खोली आतली, खिडकी नसलेली, आणि ती कुठली हे ते ठरवतात. आम्हाला पुढच्या टोकाची मिळाली, नांगर सोडताना भिंत हादरायची. बंदराचे कर आणि शुल्क आपण भरायचे, दोघांचे २१२ डॉलर झाले, अठरा हजार चारशे रुपये. टिप वेगळी. ती ऐच्छिक आहे असं समजू नका, माणशी दर दिवसाला अठरा डॉलर आपोआप बिलात चढतात, चार दिवसांचे दोघांचे साडेबारा हजार. मुलीला न्यायचं म्हटलं तर तिचे वेगळे पैसे, म्हणून नेलं नाही, त्यावर ती आठवडाभर बोलली नाही. दुसरी कुठलीही सवलत यावर चालत नाही.

तारखाही त्यांच्याच. नाताळ, सुट्ट्या यादीत नाहीत, जहाज रिकामं जायची भीती असेल तेवढेच दिवस असतात. माझ्यासमोर पहिली तारीख आली १२ जानेवारी. बायकोनं ऐकूनच घेतलं नाही. अहो, आपल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज निघायचे, अक्षता सोहळा, आणि आपण समुद्रात? बरोबर होतं तिचं. मग फेब्रुवारी घेतली. त्याच्या पुढची म्हणजे मार्च, तेव्हा युनिफॉर्मचा सीझन, तेव्हा मीच नाही म्हणालो असतो.

विमानाचं मुंबई-सिंगापूर येणं-जाणं दोघांचं त्रेपन्न हजार. सोलापुरातल्या होटगी रोडच्या विमानतळाला अडते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची धुराची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, पण आम्ही निघालो तेव्हा सोलापुरातून विमान सुरू झालेलं नव्हतं, म्हणून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. जहाज दुपारी सुटतं, त्याच दिवशी सकाळी उतरायचा धोका पत्करू नका, ते आपल्यासाठी थांबत नाही. एक दिवस आधी गेलो, हॉटेलचे तेरा हजार. सिंगापूरचा व्हिसा एजंटच्या पैशांसकट दोघांचा सात हजार. वाटेतल्या मलेशिया आणि थायलंडला तेव्हा, फेब्रुवारी २०२५ मध्ये, भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, तेवढं वाचलं. सिंगापूरला उतरण्याआधी जे अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं ते सरकारी साइटवर फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट आहेत, त्यांच्या नादी लागू नका. विमा आणि स्टेशनपासूनची टॅक्सी धरून एकूण एक लाख दहा हजार.

त्याच आठवड्यात ती आतली खोली विकत घेतली असती तर दोघांचं भाडं सातशे डॉलर होतं. म्हणजे वाचले एकसष्ट हजार, आणि ते वाचवण्यासाठी आधी गेलेले चौपन्न हजार. हा हिशोब बायकोनं जहाजावर बसून केला.

राहिलंच, आपली क्रेडिट कार्डं कॅसिनोत बहुतेक चालत नाहीत. खोलीच्या बिलावर पैसे काढता येतात, पण वर तीन ते पाच टक्के कापतात. आणि घरची कडक भाकरी, डब्यातली शेंगा चटणी जहाजात नेऊ देत नाहीत. दुकानातलं सीलबंद पाकीट चालतं, आमचं गेलं. कॅसिनोतली फुकट दारूही ठरावीक पॉइंटच्या वरच. मी पीत नाही, पण बघून ठेवलं.

यावेळी खेळलो चाळीस डॉलर. पुढची ऑफर येणार नाही असं तिथल्या पोरानं हसत सांगितलं, कारण फुकट आलेला माणूस किती खेळला हेही ते मोजतात. माझं नवं कार्ड माझ्या नावानं झालं. त्यावर आठ पॉइंट आहेत. जुने बाराशे नव्या खात्यात आणायला सहा ते आठ आठवडे लागतील असं त्यांनी फेब्रुवारीत सांगितलं होतं. ते अजून आप्पांच्याच नावावर आहेत.