गॉगलचा काळेपणा पुरेसा नाही

माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढत आले आणि ते बुबुळाच्या कडेला टेकले, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कामाबद्दल. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतात चाळीस वर्षे ऊन अंगावर घेतलेल्या माणसाला याचे उत्तर शोधावे लागले नाही. या मांसवाढीला टेरिजियम म्हणतात आणि तिच्यामागे उन्हातल्या अतिनील किरणांचा मोठा हात असतो. मोतीबिंदू होण्यालाही हे किरण हातभार लावतात.

वडिलांना याचे फार वाईट वाटले, कारण ते जत्रेत घेतलेला काळाभोर गॉगल वर्षानुवर्षे निष्ठेने वापरत होते. तो गॉगल मी चष्म्याच्या दुकानात नेला. दुकानदाराने त्याची काच एका लहान यंत्राच्या फटीत धरली, तेव्हा सुमारे चाळीस टक्के अतिनील किरण आरपार जात असल्याचे दिसले. त्यानंतर त्याने माझा पॉलिकार्बोनेट काचांचा, अगदी पारदर्शक असा नंबरचा चष्मा त्याच फटीत धरला आणि आकडा शून्यावर आला.

गडद रंग डोळ्यांना दिसणारा प्रकाश कमी करतो. अतिनील किरण मात्र काचेच्या घटकांमुळे किंवा तिच्यावरच्या लेपामुळे अडतात. त्यातही गडद काचेमागे अंधार वाटल्यामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते त्या रुंदावलेल्या वाटेने अधिक प्रमाणात आत शिरतात. म्हणून गॉगल घेताना ‘यूव्ही 400’ ही खूण पाहावी. तिचा अर्थ 400 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे, म्हणजे जवळजवळ सगळेच अतिनील (यूव्ही) किरण अडतात असा आहे. ‘पोलराइज्ड’ हा शब्द वेगळा: ती काच रस्त्यावरून किंवा पाण्यावरून परावर्तित होणारी चकाकी कमी करते, पण तेवढ्यावरून अतिनील किरणांची हमी मिळत नाही. किमतीवरूनही काही ठरत नाही, कारण साध्या, स्वस्त गॉगलच्या काचाही पुष्कळदा चांगल्या निघतात. खूण नुसती छापलेली असण्याची शंका आली, तर काच यंत्रात तपासून घ्यावी.

कडेने आणि वरून येणारे ऊन चपट्या काचांना चुकवून डोळ्यात उतरते, म्हणून वडिलांसाठी कानशिलापर्यंत वळलेला, फिकट तपकिरी गॉगल घेतला आहे आणि त्यावर ते रुंद काठाची टोपी घालतात. लहान मुलांच्या डोळ्यातले भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असल्यामुळे हे किरण दृष्टिपटलापर्यंत अधिक पोहोचतात, हे कळल्यापासून मला मुलीच्या खेळण्यातल्या गुलाबी गॉगलची काळजी लागली आहे. येत्या शनिवारी तोही त्याच यंत्राच्या फटीत धरायचा आहे.