खालच्या गटातला संघ

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘ना पैसा, ना ट्रॉफी, फुटबॉलचा संघ कायम खालच्या गटात. मग वीस वर्षं त्याच्यापायी का झिजताय?’ हे मला लोक लग्नाच्या पंगतीत विचारतात आणि फौंड्रीच्या गेटवरही.

बाहेरच्यांना कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आठवते. पण इथं तालमीत फुटबॉलही तेवढाच रुजलाय. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं, आणि मैदानावरच्या संघांचीही तीच. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग शाहू स्टेडियमवर सुरू झाली की पेठांत दुसरा विषय नसतो. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की गॅलरीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. मोठ्या तालमी बाहेरून खेळाडू आणतात, अगदी परदेशीसुद्धा.

आमची तालीम लहान. सामना भर उन्हात, बघायला पन्नासेक माणसं, त्यातली निम्मी पोरांच्या घरची. खेळणारी सगळी गल्लीतली. कुणी गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात कामाला, कुणी भाजीची गाडी लावणारा, दोघं कॉलेजात.

आपला अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा सगळं कोल्हापूर टीव्हीपुढं होतं. मीही होतो, डोळे भरून आले होते. तेव्हापासून लोक धरून चालतात की मी दुसरा अनिकेत घडवायला बसलोय. घडला तर सोनंच. पण माझा जीव अडकलाय तो कुठंच न जाणाऱ्या पोरांत. कामावरून सुटून संध्याकाळी जी मैदानावरच येतात, त्यांच्यासाठी तिथं कुणीतरी हजर पाहिजे. चेंडूत हवा भरून ठेवलेली पाहिजे, लिंबू-मीठ पाहिजे, नाव घेऊन हाक मारणारं माणूस पाहिजे.

मागच्या हंगामातला शेवटचा सामना सांगतो. बरोबरी झाली तरी आम्ही गटात टिकत होतो. आमचा बचावपटू उद्यमनगरात लेथवर कामाला. मालकानं लवकर सोडलं नाही. पोरगं मध्यंतरात गाडीवरून आलं ते बोटांना ग्रीस तसंच. मोजे चढवताना मी बघितलं, नडगीवर पॅकिंगच्या खोक्याचे दोन पुठ्ठे कापून लावले होते. मी काही बोललो नाही, नाडी घट्ट बांधून दिली. शेवटच्या मिनिटांत आमचा गोलकीपर पुढं आलेला, गोल मोकळा, आणि चेंडू रेषेवरून यानं बाहेर काढला. नडगीनंच. शून्य-शून्य. आम्ही राहिलो.

सगळे नाचत होते. हा खाली बसून पुठ्ठे काढत होता, घामानं त्यांचा लगदा झालेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हा परत लेथवर.

त्या आठवड्यात आम्ही वर्गणी काढून त्याला चांगले शिनगार्ड आणून दिले. त्यानं ते घरी नेले नाहीत. तालमीत मारुतीच्या तसबिरीखाली कोनाडा आहे, तिथं ठेवले. म्हणाला, “मामा, इथंच असू देत. लहान पोरांत कुणाकडं नसतील तर घालतील.”