रनिंगमध्ये

सुतार कपाटाच्या कडेची पट्टी मोजत होता. "ताई, ही रनिंग फुटावर पडेल बरं," म्हणाला आणि कानावरची पेन्सिल काढून भिंतीवरच आकडा लिहून मोकळा झाला. मे महिन्यातली जळगावची दुपार, पंखा गरम हवा खाली ढकलतोय, आणि माझं डोकं त्या रनिंगमध्ये अडकलेलं. पट्टी बिचारी जन्मभर खिळ्यांवर बसून राहणार. तरी रनिंग!

त्याला कशाला हसा? जुनी गाडी घ्यायला गेलो की आपला पहिला प्रश्न, "रनिंग किती झालंय?" ठेकेदाराचं बिल रनिंग. रनिंगमध्ये गाडी पकडू नको, हे तर भुसावळ-जळगाव अप-डाऊन करणाऱ्या प्रत्येकाला घरून ऐकावंच लागतं. क्रिकेटमध्ये तर चेंडू थेट सीमेपार गेला, दोघेही बॅट टेकवून उभे, तरी सहा रन. निवडणुकीला आपण उभे राहतो, इंग्रजही उभाच राहतो. अमेरिकन तेवढा पळतो. इंग्रजीत नाक पळतं, दुकान पळतं, कपड्याचा रंगसुद्धा पळतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात १९८९ साली 'सेट'ची नोंद सगळ्यात लांब होती, ४३० अर्थांची. मग पीटर गिलिव्हर नावाचे संपादक 'रन' घेऊन बसले आणि नऊ महिन्यांनी उठले ते ६४५ अर्थ घेऊन. एका क्रियापदासाठी नऊ महिने! हेवा वाटतो मला असल्या नोकरीचा.

शाळेत 'रन, रॅन, रन' घोकताना मला ते क्रियापद आपलंच वाटायचं. गेलं आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत आलं.

पण आमच्यासाठी या शब्दाचं माहेर भुसावळ. मामा मालगाडीचे ड्रायव्हर. तिथं कुणी 'ड्रायव्हर आहेत' म्हणत नसे, "ते रनिंगला आहेत" म्हणत. पगारावर माइलेज, म्हणजे गाडी जितकी चालवली त्यावरचा भत्ता, मिळायचा तो रनिंगवाल्यांनाच, त्यामुळे रेल्वे क्वार्टर्समध्ये त्यांचा रुबाब वेगळा. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिथं असलो की रात्री केव्हातरी ड्यूटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय सायकलवरून यायचा. फाटकाची कडी वाजवून मामांचं नाव पुकारायचा. मामा बनियनवर बाहेर येऊन त्याच्या वहीत सही करायचे. मामी तोवर स्टोव्ह पेटवून कळण्याच्या भाकरी थापायला बसलेली असायची. भाकरी, ठेचा, कांदा एका फडक्यात. लोखंडी पेटी आधीच भरलेली. तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव आणि हुद्दा. मग मामा कधी इगतपुरीला, कधी खंडव्याला, कधी बडनेऱ्याला. आणि तिथं पोचून काय करायचं, तर रनिंग रूममध्ये झोपायचं! रनिंग रूम म्हणजे झोपायची खोली. गिलिव्हरसाहेबांनी ही नोंद घेतली की नाही, देव जाणे.

भुसावळच्या दुपारी त्यामुळे उलट्या असायच्या. या घरात मामा, त्या घरात शेजारचे काका, सगळे बाप्ये उन्हात दारं लावून झोपलेले. आम्ही अंगणात जरा कुठं आट्यापाट्या मांडल्या की मामी दारातून दबक्या आवाजात, "चूप बसा ना रे पोरंहो, मामा रातभर जागेल आहे!" आम्ही पोरं मुक्यानं पळायचो. ते कसब अजून आहे माझ्या अंगात.

आणखी एक शब्द होता, तो मात्र पोरांसमोर कुणी मोठ्यानं म्हणत नसे. रनओव्हर. मामा एरवी घरी आले की आधी चहा मागायचे. त्या दिवशी आले की पेटी ओट्यावरच ठेवायचे, बाहेरच्या नळाखाली कपड्यांसकट बसायचे, आणि मामीनं काही विचारायच्या आत म्हणायचे, "हॉर्न मारेल होता मी." मामी म्हणायची, "हो." भरलेली मालगाडी ब्रेक लावल्या लावल्या थांबत नाही, पार लांबवर जाऊन थांबते, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं.