बाइंडिंगच्या पॅकेजचा मेटाडेटा सांभाळताना : माझा अनुभव

सी मधल्या एका लायब्ररीची पायथन बाइंडिंग्ज, म्हणजे ती लायब्ररी पायथनमधून वापरता यावी म्हणून लिहिलेला जोडकोड, सध्या माझ्याकडे आहेत. आधीच्या मेंटेनरला वेळ मिळेना म्हणून मी घेतली, आणि कोड राहिला बाजूला, पहिल्यांदा पॅकेजिंगलाच हात घालावा लागला, कारण कोड ठणठणीत होता, इश्यूजची जी रांग लागली होती ती सगळी "इन्स्टॉल होत नाही" याचीच.

सगळा मेटाडेटा, म्हणजे पॅकेजचं नाव, व्हर्जन, त्याला काय लागतं ही माहिती, सेटअप डॉट पाय या पायथन फाइलमध्ये होता. म्हणजे पॅकेजला काय काय लागतं हे कळायला आधी ती फाइल रन करायची, आणि ती फाइल रन होताना सी च्या हेडरमधून (डॉट एच फाइलमधून) रेजेक्स लावून व्हर्जन उचलणार, हेडर सापडलं नाही की तिथेच आडवी. २०२० मध्ये पेप ६२१ मंजूर झालं (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचा, नियमांचा क्रमांकित प्रस्ताव), त्यामुळे आता हे सगळं पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या साध्या, रन न करता वाचता येणाऱ्या फाइलमध्ये सरळ लिहिता येतं, तर ते हलवलं. नाव, वर्णन, लिंका, डिपेंडन्सी, यात काही विशेष नाही. फक्त एक, बऱ्याच जणांना वाटतं की आता सेटअप डॉट पाय उडवायचीच, तसं नाहीये, सी एक्स्टेन्शन (बाइंडिंगचा सी मधला भाग) कंपाइल करायचा भाग तिथे राहिला तरी चालतो, आमचा अजून तिथेच आहे.

हलवताना एक सवय लागली ती सांगतो. व्हील, म्हणजे आधीच बिल्ड करून ठेवलेलं, थेट इन्स्टॉल होणारं पॅकेज, ही शेवटी झिप फाइल असते. ती उघडायची, आत डिस्ट-इन्फो फोल्डर, त्यात मेटाडेटा नावाची फाइल, ईमेलच्या हेडरसारख्या ओळी असतात, ती डोळ्यांनी वाचायची. टॉमलमध्ये आपण काय लिहिलं ते सोडा, पॅकेज इन्स्टॉल करणारं पिप वाचणार ते हेच. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून डिफ काढला तेव्हा कळलं की एक ऑप्शनल डिपेंडन्सी सेटअप डॉट पाय मधल्या एका इफ मध्ये लपलेली होती, ती विंडोजवर बिल्ड केलं तरच यायची.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते रिक्वायर्स-पायथन या एका ओळीने, पॅकेज कोणत्या पायथनवर चालेल ते ती सांगते. तिथे ३.८ च्या पुढे आणि ३.१३ च्या आत असं लिहिलेलं. हेतू चांगला, टेस्ट केलेलं नाही तर कशाला कोणी इन्स्टॉल करावं. पण पिप काय करतं, ही रिलीज तुमच्या पायथनला चालत नाही म्हटल्यावर थांबत नाही, मागे मागे जात राहतं आणि ज्या जुन्या रिलीजमध्ये वरची मर्यादा लिहिलेलीच नव्हती ती हुडकून काढतं, तिचं ३.१३ चं व्हील अर्थातच नाही, मग सोर्स उतरवून कंपाइल करायला बसतं, आणि त्या जुन्या कोडमध्ये वापरलेली फंक्शन्स नव्या पायथनच्या सी एपीआयमधून (सी कोडला पायथनशी बोलायला दिलेल्या फंक्शन्समधून) गेलेली, की झाला एररचा धबधबा. माणूस बिचारा लेटेस्ट मागतोय आणि मिळतंय भलतंच जुनं. वरची मर्यादा काढून टाकली. जुन्या रिलीजचा मेटाडेटा मात्र बदलता येत नाही, पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारावर, एकदा चढलं की चढलं. यँक करता येतं, म्हणजे पिपने ती रिलीज आपणहून निवडू नये अशी खूण करता येते, पण जुन्या पायथनवर ज्यांचं व्यवस्थित चाललंय त्यांच्या पायाखालची सतरंजी कशाला ओढायची, म्हणून ते केलं नाही.

दुसरी कटकट एसडिस्टची, म्हणजे कंपाइल न केलेल्या सोर्सच्या पॅकेजची. सी लायब्ररीचा सोर्स आम्ही सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेली दुसरी गिट रेपो) म्हणून आतच ठेवतो आणि एक्स्टेन्शनमध्येच कंपाइल करतो. सेटअपटूल्स हे आमचं बिल्डचं साधन, ते डॉट सी फाइल्स आपणहून घेतं, डॉट एच नाही घेत, त्या मेनिफेस्ट डॉट इन मध्ये सांगाव्या लागतात. सीआयमध्ये (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) व्हील्स रेपोच्या चेकआउटवरून बनायची, तिथे हेडर असतातच, त्यामुळे सगळं हिरवं, आणि ज्यांच्या प्लॅटफॉर्मला व्हील नाही त्यांच्याकडे मात्र कंपाइल पहिल्याच इन्क्लूडला गचकायचं. आता एसडिस्ट आधी बनवतो आणि व्हील त्या एसडिस्टवरून, काही राहिलं असेल तर तिथेच बोंब होते.

मग लायसन्स. आमचा कोड एमआयटी, आतली सी लायब्ररी बीएसडी तीन-कलमी. मेटाडेटात फक्त एमआयटी. बीएसडीचं दुसरं कलम स्पष्ट सांगतं की बायनरी वाटताना कॉपीराइटची नोटीस सोबत द्या, आणि व्हीलमध्ये ती लायब्ररी कंपाइल होऊन बसलेली, म्हणजे नोटीस हवीच. पेप ६३९ मुळे हे नीट लिहिता येतं, लायसन्सच्या जागी एसपीडीएक्सची (लायसन्सच्या प्रमाणित नावांची) एक्स्प्रेशन, दोन नावं आणि मध्ये अँड, आणि लायसन्स-फाइल्समध्ये दोन्ही फाइल्सचे पाथ. हे लिहिल्यावर बिल्ड अडला, कारण खाली क्लासिफायर्समध्ये (पॅकेजचं वर्गीकरण सांगणाऱ्या ओळींमध्ये) जुनी लायसन्सची ओळ तशीच होती आणि सेटअपटूल्सची नवी व्हर्जन्स दोन्ही एकत्र चालवून घेत नाहीत. बरंच आहे की, नाहीतर दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिलेल्या राहतात आणि कोणाचं लक्षही जात नाही.

व्हर्जनवरून सोबतच्या मेंटेनरशी वाद झाला, वाद म्हणजे गोडीतच. आतापर्यंत बाइंडिंगचा नंबर सी लायब्ररीच्या नंबरबरोबर चालायचा. तो म्हणाला, "अरे लोकांना तोच नंबर ओळखीचा आहे, कशाला बदलतोस?" मी म्हटलं, वरच्यांनी, म्हणजे सी लायब्ररी लिहिणाऱ्यांनी, काहीच रिलीज केलं नाही आणि बग आपल्या रॅपरमध्ये निघाला तर? त्याच नंबराला पोस्ट जोडून पोस्ट रिलीज काढता येते, पण व्हर्जन नंबरांचे नियम सांगणारं पेप ४४० सांगतं की बग दुरुस्तीसाठी ती वापरू नका, आणि नंबरापुढे प्लस आणि आपली खूण लावलेलं लोकल व्हर्जन पायपीआय घेतच नाही. शेवटी आमची स्वतःची नंबरांची मालिका सुरू केली, पिपला नवं ते नवंच दिसावं म्हणून जुन्यापेक्षा वरच्या आकड्यावरून, आणि सी लायब्ररीचा नंबर मॉड्यूलवर वेगळा ॲट्रिब्यूट म्हणून ठेवला. नंबरांची मोजणीच नव्याने सुरू करायचा एपॉक नावाचाही एक मार्ग आहे, उद्गारचिन्ह घालून लिहायचा, पण तो बघूनच नको वाटलं.

अपलोडला फार त्रास नाही. २०२३ पासून पायपीआयवर ट्रस्टेड पब्लिशिंग आहे, सीआयवर भरवसा ठेवून तिथूनच थेट अपलोड होतं, टोकन जपत बसावं लागत नाही. आधी टेस्ट-पायपीआयवर (सरावासाठीच्या वेगळ्या पायपीआयवर) चढवून पान बघतो, कारण रीडमीमधले रिलेटिव्ह पाथचे फोटो तिथे दिसत नाहीत आणि अपलोडआधी पॅकेज तपासणारी ट्वाइन चेक ही कमांड त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आणि खऱ्या पायपीआयवर एकदा वापरलेलं फाइलचं नाव डिलीट करूनही परत मिळत नाही.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. आम्ही एबीआय३ ची व्हील्स देतो, म्हणजे एकच व्हील अनेक पायथनना चालतं, पण ३.१३ च्या फ्री-थ्रेडेड बिल्डला (अनेक थ्रेड खरोखर एकाच वेळी चालवू देणाऱ्या पायथनला) ते चालत नाही, त्याला वेगळ्या टॅगचं व्हील लागतं आणि कंपाइल करताना लिमिटेड एपीआय (एबीआय३ साठी वापरायचा सी एपीआयचा मर्यादित भाग) बंद करावी लागते. सेटअप डॉट पाय मध्ये ती अट घातली आहे, व्हील अजून देत नाही, कारण आतली सी लायब्ररी थ्रेड-सेफ, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेडमधून वापरायला सुरक्षित, आहे का याचं उत्तर वरच्यांकडून यायचंय.