आधी काय केलंत ते विचारा

प्रवेश संपले की नव्या मुलांची प्रश्नावली तयार करायचं काम दरवर्षी माझ्या गळ्यात पडतं. संख्याशास्त्र शिकवते, एवढाच माझा गुन्हा. मसुदा घेऊन बसलो की समितीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘कॉलेजकडून त्यांच्या काय अपेक्षा आहेत, तेवढं विचारा की, झालं!’

नुसत्या अपेक्षा विचारल्या की सगळेच हुशार. रोज लायब्ररीत बसणार, दर तासाला शंका विचारणार, गटात मिळून अभ्यास करणार. मुलं खोटं बोलतात असं नाही, त्या आठवड्यात त्यांना मनापासून तसंच वाटत असतं. म्हणून मी प्रश्न जोडीने घालते. शाळेच्या शेवटच्या वर्षी वर्गात शंका किती वेळा विचारलीत? मग त्याच शब्दांत, तेच पर्याय देऊन: इथे पहिल्या वर्षी किती वेळा विचाराल? यंदा एका फॉर्मवर पहिल्या प्रश्नाला ‘कधीच नाही’ आणि दुसऱ्याला ‘नेहमी’ अशी खूण होती. शेजारी समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात: ‘सर रागावले नाहीत तर.’ एवढी माहिती मला अपेक्षांच्या अख्ख्या पानातून मिळाली नसती.

ही जोडी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत उच्चशिक्षणाचे अभ्यासक ॲलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९६६ मध्येच नवागतांचा देशव्यापी सर्व्हे सुरू केला होता. पुढे इंडियाना विद्यापीठाने ‘बेसी’ (BCSSE) ही नवागतांची प्रश्नावली आणली. तिच्यात शाळेत काय केलंत आणि आता काय करायचा विचार आहे, दोन्ही विचारतात. तिची थोरली बहीण ‘नेसी’ (NSSE) त्याच मुलांना पहिलं वर्ष संपत आलं की गाठते आणि प्रत्यक्षात काय घडलं ते विचारते. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की बोलणं आणि करणं यांतलं अंतर मोजता येतं.

पण त्यासाठी मूल तेच आहे हे कळायला हवं, म्हणजे फॉर्मवर रोल नंबर आला. इथे आमची दरवर्षी खडाजंगी होते. नाव नको, मुलं मोकळेपणाने लिहितील, असं अर्ध्या समितीचं म्हणणं. ते खरंही आहे. पण निनावी गठ्ठ्यातून सरासरी निघते, आणि सरासरीला कुणी जाऊन भेटू शकत नाही. मी रोल नंबर ठेवते आणि वरच ठळक अक्षरात लिहिते, की हे उत्तर तुमचे मेंटर, म्हणजे तुमच्याकडे लक्ष देणारे शिक्षक, वाचणार आहेत. गुप्त ठेवू म्हणायचं आणि वाचायचं, हे मला जमत नाही.

आठवड्यात कशाला किती तास द्याल, या प्रश्नात पर्यायांची पट्टी असते: शून्य, १ ते ५, ६ ते १०, असं करत ३० च्या वर. अभ्यासाच्या ओळीकडे मी फारसं बघत नाही. माझी नजर नोकरी, घरची जबाबदारी आणि प्रवास या तीन ओळींवर. त्या उत्तरांत कुणी शेखी मिरवत नाही. नोकरी १६ ते २० तास, प्रवास ११ ते १५, आणि अभ्यास ‘३० च्या वर’ असं लिहिणाऱ्या मुलीला वेळापत्रक घेऊन समोर बसवायचं. ‘वेळेचं नियोजन’ वगैरे भाषणं तिला नकोत, सकाळची बॅच हवी असते.

हे सगळं पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवं. आलेख-बिलेख घालून बांधलेला अहवाल सत्र संपताना आला, तर तो फक्त कपाटाच्या कामाचा. यंदा मी मेंटरना रंगीत काही दिलंच नाही, प्रत्येकाला त्याच्या मुलांचा एकेक कागद. एका सरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘याचं मी करू काय?’ योगायोगाने तो पेन्सिलवाला मुलगा त्यांच्याच बॅचला होता. म्हटलं, पहिला महिनाभर रागावू नका, मग बघू.