ग्वांगझूत काटेसावर उकळतात

मार्च महिन्यात आमच्या इमारतीच्या भिंतींना घाम फुटतो. खरंच फुटतो. दक्षिणेकडून समुद्रावरची दमट हवा येते, थंडीभर गारठलेल्या फरश्यांवर आणि लिफ्टच्या आरशावर तिचं पाणी होतं, आणि जिन्यात घसरू नका अशा पाट्या लागतात. इथे दक्षिण चीनमध्ये त्याला 'ह्वेइ-नान-थियेन' म्हणतात, दक्षिण परतून आल्याचे दिवस. मी चिपळूणची, ओल माझ्या पाचवीलाच पुजलेली. पण पावसाचा थेंब नसताना चादरी ओल्या लागतात, हे मी सात वर्षांपूर्वी कापड तपासणीच्या नोकरीसाठी इथे आले तेव्हाच पहिल्यांदा अनुभवलं.

त्याच मार्चमधल्या एका रविवारी खाली उतरले, तर घरमालकिणीची सासू रस्त्याकडेच्या झाडाखाली वाकून काहीतरी वेचत होती. जवळ जाऊन बघते तर काटेसावरीची फुलं! तीच लालभडक, जाड पाकळ्यांची, पडताना धप्प वाजणारी. आमच्या परसामागे एक झाड होतं. फुलं गुरं खायची, आम्ही पायाने उडवायचो. इथे ते शहराचं मानाचं फूल आहे, आणि पोपो (म्हाताऱ्या बाईला इथे पोपोच म्हणतात) ते पिशवीत भरत होती. काय करणार विचारलं तर म्हणाली, "वाळवायची, मग सूप. सप जातो, आमुई." आमुई म्हणजे मी, धाकटी.

सप म्हणजे ओल. भिंतीतली आणि अंगातलीही. अंग जड झालं, जिभेवर पांढरा थर आला, जेवल्यावर डोळे मिटायला लागले, की सप. दुसरा शब्द यीत-हेय: तोंड आलं, घसा धरला, हनुवटीवर पुटकुळी उठली. माझी आजी ज्याला 'उष्णता झाली' म्हणायची, तेच. चिनी वैद्यकात यिन-यांग, ची, पंचतत्त्वं असं पुष्कळ आहे, पण पोपोच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नाही. तिचा सगळा कारभार या दोन शब्दांवर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालतो.

त्या कॅलेंडरवर वर्षाचे 24 भाग असतात, साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे: किडे जागे होतात तो, धान्याचा पाऊस, मोठा उन्हाळा, पांढरं दव. 2016 साली युनेस्कोने त्यांना वारशाच्या यादीत घेतलं. मला ते समजायला वेळ लागला नाही, कारण आमच्याकडेही सण चंद्रावर आणि शेती सूर्यावर. 'मृग लागला' म्हणताना आजी सूर्याचंच नक्षत्र मोजत असायची. फरक इतकाच, की आमच्याकडे मृगाला बी-बियाणं निघतं आणि पोपोकडे दर पंधरवड्याला सुपाचं भांडं बदलतं.

भांडं म्हणजे मातीचं. 'पाव तीन, तान चार' असा इथला हिशेब: थेट आचेवर तीन तास, वाफेवर चार. मार्चच्या सुपात काटेसावर, चवळीहून बारीक लाल दाणे, बार्लीसारखी दिसणारी यीमी आणि फूलिंग, म्हणजे पाइनच्या मुळांवर वाढणाऱ्या बुरशीचे पांढरे तुकडे. मूळ कृतीत डुकराची हाडं असतात. मला ती चालत नाहीत म्हटल्यावर पोपोने दोन सुके अंजीर टाकले आणि वरून पाच वर्षं जुनी संत्र्याची साल. ही साल शिनह्वेइ गावची. तीन वर्षांखालच्या सालीला तिथे कुणी विचारत नाही आणि जितकी जुनी तितकी महाग. नागपूरकरांनी हे वाचून कपाळावर हात मारावा. सूप लागतं कसं? मातकट, किंचित गोड. काटेसावरीला स्वतःची चव जवळजवळ नाहीच, शिजल्यावर ती भेंडीसारखी जराशी बुळबुळीत होते.

उष्ण-थंडाच्या बाबतीत मी घरून शिकून आले आहे असा माझा समज होता. आलं हिवाळ्यात, हे तर पाठच. पोपो म्हणते, उलट! "हिवाळ्यात मुळा, उन्हाळ्यात आलं, मग वैद्याला चिठ्ठी लिहायला नको." उन्हाळ्यात आपण गारेगार ढोसतो, पोट आतून थंड पडतं, म्हणून आलं. लिचीबद्दल मात्र एकमत: 'एक लिची, तीन वणवे.' जूनमध्ये किलोभर खाल्ली तर मीठपाणी प्यायचं.

वणवा विझवायला रस्तोरस्ती ल्यांगछाची, म्हणजे उष्णता उतरवणाऱ्या काढ्याची दुकानं आहेत, पितळेच्या भोपळ्यासारख्या मोठ्या भांड्यांची. 'पाच फुलांचा' चहा त्यातल्या त्यात सौम्य. त्यातही आपली काटेसावर असते आणि चक्क पांढरा चाफाही. कडू म्हणजे 'चोवीस चवींचा'. चोवीस पाले असतातच असं नाही, पण कडूपणा चोवीस जणांना पुरेल. एकदा मालाच्या तपासणीच्या धांदलीत घसा दुखायला लागला, म्हणून मी उपाशीपोटी लागोपाठ दोन वाट्या मारल्या. दुपारपर्यंत चार वेळा संडास. पोपोने आधी हसून घेतलं, मग झापलं: जिचे हात-पाय मुळातच गार, तिने हा चहा प्यायचाच कशाला? आठवडाभर मला आल्याची पेज.

दुसरी फजिती जुलैतली. मला दर हिवाळ्यात खोकला लागतो. इथला नियम: हिवाळ्याचं दुखणं उन्हाळ्यात धरायचं. जुलैच्या मध्यापासून महिना-सव्वा महिना सर्वांत तापलेले दिवस. तेव्हा पांढऱ्या मोहरीची पूड आल्याच्या रसात कालवून पाठीवर ठरावीक जागी पट्ट्या चिकटवतात. दवाखान्यांत रांगा लागतात. नर्सने दोन तासांत काढायला सांगितलं होतं. मी त्या लावूनच झोपले. सकाळी पाठीवर आठ आण्याएवढे सहा फोड. त्या हिवाळ्यात खोकला कमी होता हे खरं. पण त्याच वर्षी मी बुरशी धरलेली जुनी खोली सोडली होती, हेही खरं. श्रेय कुणाला द्यायचं ते मी ठरवलेलं नाही.

बाबांना मात्र मी ठाम नाही म्हणते. व्हॉट्सॲपवर काहीतरी वाचून त्यांना गुडघ्यासाठी 'चिनी मुळ्या' हव्या असतात. 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये बारीक होण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी भलतीच मुळी गेली आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडं बिघडली. सुपातलं अंजीर वेगळं आणि पुडीतली निनावी मुळी वेगळी. पोपोसुद्धा रक्तदाबाची गोळी रोज घेते, तीही डॉक्टरने लिहून दिलेली.

इथून पूर्वेला लोफू डोंगर आहे. चौथ्या शतकातला वैद्य ग हुंग अखेरीस तिथे राहिला. मलेरियाच्या तापावर छिंगहाव नावाची वनस्पती पाण्यात भिजवून पिळा, असं त्याने लिहून ठेवलं होतं. उकळा असं नाही. चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांनी त्यावरूनच कमी उष्णतेवर अर्क काढायचं ठरवलं आणि त्या कामाला 2015 मध्ये नोबेल मिळालं. मी हे पोपोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "मग ते त्याचं. काटेसावर उकळायचीच."

आता ती वाकू शकत नाही, फुलं मी वेचते. अडचण अशी, की सप घालवणारं हे फूल नेमकं वर्षातल्या सर्वांत दमट पंधरवड्यात पडतं. पहिल्या वर्षी माझ्या फुलांना तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी आली. यंदा ती ओल शोषणाऱ्या यंत्रासमोर दोरीवर ओवून टांगली आहेत. यंत्राच्या टाकीत रात्रीत दोन लिटर पाणी जमतं. पोपो सकाळी येऊन आधी टाकी बघते, मग फुलं.